नादुरुस्त ट्रकचा पंचनामा

ती घटना मला आजही आठवते, पण त्यातल्या आरोपींमुळे नव्हे. त्यांचे चेहरे मी केव्हाच विसरलो. आठवते ती एका कागदावरची माझी सही. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत बहुधा गुन्हेगार चुकतो आणि अधिकारी त्याला पकडतो. इथे कोण चुकलं ते वाचकांनी ठरवावं, मी फक्त क्रमाने सांगतो. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच रस्त्याने ये-जा करतात.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्द मोठी, माणसं कमी, आणि एक जीप, जी नेहमी उतारावर तोंड करून उभी ठेवायची असा ठाण्याचा अलिखित नियम होता. एप्रिल महिना चालू होता. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तालुक्याच्या गावी एका सभागृहाचं भूमिपूजन होतं आणि निम्म्याहून जास्त माणसं सकाळपासून तिकडे बंदोबस्ताला गेली होती. वरून तीन वेळा फोन आले होते, आणि तिन्हीत एकच काळजी होती, की मंडपाच्या दाराशी पोलीस निरीक्षक स्वतः हजर असतील ना. मी तिन्ही वेळा हो म्हणालो.

सकाळी साडेसातच्या सुमाराला एका दूधवाल्याचा ठाण्यात फोन आला. सुलतानपूरच्या पुढे मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मालट्रक उभा आहे, ड्रायव्हरचं दार उघडं आहे आणि आत कोणी नाही. मी आमचे सर्वांत जुने हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो.

ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा होता, उलटला नव्हता की कुठे धडकला नव्हता. वर ताडपत्री होती आणि खाली हरभऱ्याची पोती. मागच्या बाजूची ताडपत्री मात्र कापलेली होती आणि तिथून बरीच पोती गेलेली दिसत होती. किल्ली जागेवरच होती. हवालदारांनी ती फिरवली. दिवे लागले, सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही पकडेना. तीन-चार वेळा करून पाहिलं, तरी तेच. खाली मातीत डिझेलचा ओला डाग होता.

हवालदारांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला. आमच्या खात्यात वर्षानुवर्षं हाताला बसलेली काही वाक्यं असतात. बेवारस वाहन मिळालं आणि ते सुरू झालं नाही, की लेखणी आपोआप लिहिते: 'सदर वाहन नादुरुस्त अवस्थेत मिळून आले.' हवालदारांनी तेच लिहिलं. रस्त्याने जाणाऱ्या दोघांना पंच केलं, त्यांनी सह्या केल्या. खाली मी सही केली. वाहन नादुरुस्त आहे हे कोणी तपासलं, असा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नाही. मला तर नाहीच, कारण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

पण कागदावर एक शब्द आला, की तो पुढचे शब्द स्वतःच ओढून आणतो. ट्रक नादुरुस्त झाला म्हणजे तो आपोआप बंद पडला. मग ड्रायव्हरच्या मनात काय आलं असेल? माल वाटेत अडकलाय, मालक दूर आहे, कोणी विचारणार नाही. त्याने ओळखीची गाडी बोलावली, नेता येतील तेवढी पोती उतरवली आणि पळाला. त्याचा मोबाईल बंद होता. बरोबर क्लीनर नव्हता. आजकाल मालक क्लीनर देत नाहीत. आमची गोष्ट साडेनऊ वाजेपर्यंत तयार झाली होती, आता फक्त तिला पुरावे जोडायचे होते.

अकराच्या सुमाराला मालक आला. सोबत त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता, पांढराशुभ्र शर्ट घातलेला. त्या दोघांना घेऊन आम्ही पुन्हा ट्रककडे गेलो. मेकॅनिकने सीटवर बसून पुष्कळ वेळ सेल्फ मारला. कान देऊन आवाज ऐकला. मग खाली उतरून म्हणाला, "पंप गेला. कंपनीत न्यावा लागेल."

मालकाने कपाळावर हात मारला. "साहेब, सात वर्षं माझ्याकडे आहे हा माणूस. घरच्यासारखा ठेवला. अन् हे दिवस दाखवले त्यानं."

"याआधी कधी काही केलं होतं?" मी विचारलं.

"केलं नाही. पण माणसाचं काय सांगता येते?"

हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकलं आहे. माणसाचं काही सांगता येत नाही असं म्हणणारा प्रत्येक जण पुढे त्याच माणसाबद्दल बरंच काही सांगतो. मालकानेही सांगितलं. फिर्याद लिहून घेतली, आणि दुपारी बारा वाजता ड्रायव्हरविरुद्ध फौजदारी न्यासभंगाचा, म्हणजे विश्वासाने सोपवलेला माल लाटल्याचा, गुन्हा दाखल झाला.

तेवढ्यात माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. ड्रायव्हरचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, सकाळी मेहकरच्या बाजारात पाच पोती हरभरा विकून गेला होता. हरभरा, तोही त्याच सकाळी. मला वाटलं, प्रकरण मिटलं. मंडपाच्या दाराशी मी वेळेवर पोचणार होतो.

एक वाजता मेहुणा ठाण्यात होता. पंचविशीतला, अंगावर शेतातलेच कपडे, पायात चप्पल नाही. शिपायांनी त्याला घालू दिली नव्हती.

"हरभरा कुठून आणला?"

"घरचा हाये साहेब. दोन एकर पेरला होता."

"भावजी कुठं आहे?"

"मले काय मालूम जी. थो त गाडीवर असते."

"बाजारात आजच का गेला? काल का नाही?"

"काल मजूर नाही भेटले पोते भराले." त्याने हवालदारांकडे पाहिलं. "साहेब, हरभरा त साऱ्या तालुक्यानं इकला आज. सगळ्यायले आनलं का इथं?"

हवालदारांनी त्याच्या थोबाडीत मारली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं, फक्त जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडल्या होत्या. हे लिहायची आवश्यकता नव्हती, पण क्रमाने सांगतो म्हटलं आहे.

दोन तास आम्ही त्याला तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तो तीच उत्तरं देत राहिला. चौकशीत माणूस दर वेळी तेच उत्तर देतो तेव्हा दोनच शक्यता असतात, एक तर तो पाठ करून आलाय, नाहीतर खरं सांगतोय. पोलीस ठाण्यात पहिली शक्यता नेहमी आधी सुचते.

तीनच्या सुमाराला ड्रायव्हरची बायको आली. सोबत तिची पाच-सहा वर्षांची मुलगी होती आणि हातात भावासाठी फडक्यात बांधलेली भाकर. ठाणे अंमलदाराने तिला बाकावर बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली. मी बाहेर आलो तेव्हा ती सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, "साहेब, एक इचारू का?"

"विचारा."

"तुमी त्यायले शोधून राह्यले, का धराले निंगाले?"

मी म्हणालो, "वहिनी, सापडले की दोन्ही एकच."

"एक कसं होईन? धराचं असन त तुमी त्यायच्या सासुरवाडीले पाह्यसान, बहिणीकडं पाह्यसान. शोधाचं असन त गाडीजवळ पाह्यसान. रात्री जेवून निंगाले थे. फोन बंद हाये. ऊन पाहा किती हाये." एवढं बोलून तिने भाकर बाकावर ठेवली आणि मुलीचा हात धरून बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. ती रडली नाही, त्यामुळे तिला समजवायची सोयही मला राहिली नाही.

ती बरोबर होती असं तेव्हा मला वाटलं असं लिहिलं, तर तो खोटेपणा होईल. मला फक्त चीड आली होती. आरोपीची बायको असंच बोलणार. पण तिचं एक वाक्य आत कुठेतरी अडकून बसलं. सकाळपासून आम्ही त्याची सासुरवाडी, बहीण, मित्र, टॉवर लोकेशन सगळं पाहिलं होतं. गाडीजवळ मात्र गाडीशिवाय काही पाहिलं नव्हतं.

ट्रक ठाण्यात आणणं भागच होतं. उरलेला माल मोजायचा होता आणि एक शिपाई सकाळपासून तिथे उन्हात उभा होता. क्रेन बंदोबस्ताला गेलेली, कारण मंडपाची कमान उभी करायची होती. हवालदार म्हणाले, "सुलतानपूरला एक मिस्त्री आहे. म्हातारा आहे, पण बंद गाडी त्याच्यापुढं टिकत नाही." आम्ही त्याला वाटेतून जीपमध्ये घेतलं. साठी उलटलेला किडकिडीत माणूस, हातात हत्यारांची पिशवी. "जयभीम, मिस्त्री," हवालदार म्हणाले. "जयभीम," म्हणून तो पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला.

चार वाजले होते. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. नवा द्रुतगती मार्ग झाल्यापासून त्या रस्त्यावर तशीही रहदारी कमी होती आणि उन्हाच्या वेळी तर चिटपाखरू नसायचं.

"पंप गेलाय," मी मिस्त्रीला सांगितलं. "ओढून नेता आलं तरी चालेल."

"कोण म्हणलं पंप गेला?"

"मेकॅनिक आला होता."

"पंप खोलला होता त्यानं?"

"नाही. आवाजावरून सांगितलं."

मिस्त्री हसला नाही, पण त्याने पिशवी खाली ठेवली ती जरा जोरात. "गाडीले एकेक गोष्ट इचारावं लागते साहेब. एकदम दहा सवाल केले त थे बी माणसासारखी गप बसते."

त्याने आधी हेडलाईट लावून सेल्फ मारला. दिवे मंद झाले नाहीत. "बॅटरी चांगली हाये," तो म्हणाला. मग टाकीच्या तोंडातून काडी घालून डिझेल पाहिलं. अर्ध्याहून जास्त होतं. मग बॉनेट उघडून फिल्टरपाशी वाकला आणि तिथेच थांबला.

"काय झालं?"

"हा नट कोण खोलला होता?"

मी वाकून पाहिलं. मला तो एक काळा नट दिसत होता, इतर नटांसारखाच. मिस्त्रीने बोटाने दाखवलं. नटाच्या कडांवर पाना घसरल्याचे ताजे, चमकदार ओरखडे होते. तिथून डिझेल खाली ओघळून गेलं होतं, सरळ मातीतल्या त्या डागापर्यंत.

"लाइनीत हवा घुसली का गाडी पकडत नाही," तो म्हणाला. "मंग इथून हवा काढावं लागते. कोणीतरी हवा काढाचा प्रयत्न केला. पाना बी बरोबर मापाचा नव्हता."

मी मालकाच्या मेकॅनिकला फोन लावला. "तू फिल्टरचा नट खोलला होता का?"

"नाही साहेब. बॉनेट उघडलंच नाही. पांढरा शर्ट होता."

हवालदारांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "डाग सकाळीच होता साहेब. मी गळती समजलो. म्हणून तर नादुरुस्त लिहिलं."

मिस्त्रीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने हातपंप दाबून पाहिला, डिझेल स्वच्छ आलं, बुडबुडा नाही. म्हणजे लाइनीत हवा नव्हतीच. मग त्याने पंपापासून निघणारी एक बारीक पाईप सैल केली आणि मला सांगितलं, "साहेब, सेल्फ मारा." मी चढून किल्ली फिरवली. पाईपमधून एक थेंब आला नाही.

"म्हणजे पंपच गेला," मी म्हणालो.

"घाई काऊन करता?" त्याने पंपाच्या बाजूला बसवलेल्या एका डबीवर बोट ठेवलं. "किल्ली फिरवली का इथं करंट येते अन् हे डबी डिझेलचा रस्ता खोलते. टक् असा आवाज येते. तुम्ही किल्ली फिरवली, आवाज आला नाही." त्याने पिशवीतून एक वायर काढली, एक टोक बॅटरीला धरलं आणि दुसरं त्या डबीला टेकवलं. टक् असा आवाज आला. "आता मारा सेल्फ."

मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीत धडधडत सुरू झालं.

सकाळपासून आठ-दहा माणसं ज्या ट्रकला नादुरुस्त म्हणत होती तो माझ्या पायाखाली थरथरत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मिस्त्रीने वायर काढली, इंजिन बंद पडलं, आणि मला आमच्या पंचनाम्यातलं वाक्य आठवलं.

त्याने डबीकडे येणारी मूळ वायर धरून मागे माग काढायला सुरुवात केली. डॅशबोर्डच्या खाली तिला दुसऱ्याच रंगाची एक वायर जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. ती नवी वायर पायाखालच्या पत्र्यावरून सीटमागे गेली होती. तिथे पाण्याची कॅन ठेवायची जागा होती. कॅन बाजूला केली, तर कॅन अडकवायच्या पट्टीच्या आत बोटभर आकाराचं एक बटण होतं, बंद केलेलं.

"चोर स्विच," मिस्त्री म्हणाला. "हे वायरमनचं काम नाही. सांधा पाहा, पोराच्या पतंगासारखी गाठ मारली. ड्रायव्हरनं सोताच्या हातानं बसवलं."

मालकाला फोन केला. त्याला असल्या स्विचची कल्पनाच नव्हती.

मिस्त्रीने हात पुसले आणि बटण वर केलं. "साहेब, हे गाडी बिघडली नाही. हे बंद केली."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ते मनाशी जुळवून पाहिलं. चोर स्विच कुठे आहे हे एकट्या ड्रायव्हरला माहीत होतं. तो बंद होता, म्हणजे तो ड्रायव्हरनेच बंद केला. त्यानंतर कोणीतरी गाडी सुरू करायची खटपट केली आणि चुकीच्या पान्याने फिल्टर उघडला. ड्रायव्हर त्या लोकांना सामील असता तर त्याने एक बोट लावून गाडी सुरू करून दिली असती. म्हणजे गाडी नेऊ पाहणारे वेगळे होते, आणि त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. मालासकट गाडी नेता येईना, म्हणून त्यांनी लहान गाडीत मावतील तेवढी पोती भरली. जी माणसं पोती भरून निघाली त्यांना बरोबर आणखी एक माणूस नेण्याची गरज नव्हती, म्हणजे तो इथेच जवळपास असणार. आणि गाडी कशी सुरू होते याचं उत्तर मिळावं म्हणून त्याच माणसाला त्यांनी काय केलं असेल, हे सांगायला मिस्त्री लागत नव्हता. ते मी तीन तासांपूर्वी स्वतःच्या ठाण्यात पाहिलं होतं, खिडकीबाहेर बघता बघता.

पळून जाणारा माणूस दाराला कुलूप लावून जात नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला सकाळी साडेसातला कळायला हवी होती. आता साडेचार वाजले होते.

मी बंदोबस्तातून चार माणसं मागवली. वरून विचारणा झाली, कशासाठी? मी म्हणालो, माणूस शोधायला. कुठला माणूस? आरोपी. तो उद्या शोधा, असं सांगण्यात आलं. मी फोन बंद करून खिशात टाकला. खात्यात मी केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या कामांपैकी ते एक.

ती चार माणसं आली नाहीत. ट्रकपाशी आम्ही सहा जण होतो, मिस्त्री धरून. दोघं रस्त्याखालच्या मोऱ्या पाहत गेले, दोघं डावीकडच्या पऱ्हाटीच्या शेतात शिरले. वाळलेल्या कपाशीच्या काड्या पायाखाली मोडत होत्या आणि दर वेळी वाटायचं, कोणीतरी हलतंय. मी आणि हवालदार उजव्या बाजूने निघालो. तिकडे एक ढाबा होता, रहदारी तुटल्यावर बंद पडलेला. दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या होत्या. तो ट्रकपासून दोनशे पावलांवर होता. सकाळपासून दोनदा त्याच्यावरून माझी नजर फिरली होती. आत काही नव्हतं. फुटकी चूल, बाटल्या, शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या.

मागच्या बाजूला जमिनीत बांधलेला पाण्याचा हौद होता. त्यावर पत्रा टाकून वर दगड ठेवले होते. हवालदार म्हणाले, "साहेब, पत्रे चोरीला जाऊ नयेत म्हणून ठेवतात दगड."

"बाकीचे सगळे पत्रे चोरीला गेलेत," मी म्हणालो.

दगड काढले. पत्रा हाताला भाजत होता, रुमालाने धरून ओढला. खाली कंबरभर खोल, कोरड्या हौदाच्या तळाशी एक माणूस कुशीवर पडला होता. हातपाय दोरीने बांधलेले, पायांची दोरी थोडी सैल झालेली, तोंडात फडकं कोंबून वरून बांधलेलं. डोळे मिटलेले. हवालदार उडी मारून उतरले, वयाचा विचार न करता. त्यांनी त्याच्या नाकाशी हात धरला. मला वाटतं, तेवढा मोठा क्षण माझ्या पूर्ण नोकरीत दुसरा आला नाही.

"हाये," हवालदार म्हणाले. एरवी माझ्याशी ते कायम शुद्ध बोलत. "जित्ता हाये, साहेब."

मिस्त्रीने आपल्या गळ्यातला पंचा भिजवून त्याच्या ओठांवर पिळला. त्याला जीपमध्ये घातलं. जीप उतारावर नव्हती, पण त्या दिवशी ती एका झटक्यात सुरू झाली.

ग्रामीण रुग्णालयात त्याला दोन बाटल्या सलाईन लागलं. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि उजव्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानाने त्याला पुढे कधी नीट ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर आमच्याकडे आणायची गरज पडली नसती. मेहुण्याला मी स्वतः जाऊन सोडलं. माफी मागितली. तो म्हणाला, "भावजी सापडला ना, बस." त्याने माफी स्वीकारली असा याचा अर्थ मी कधीच घेतला नाही.

आरोपी आठवड्याभरात शेजारच्या जिल्ह्यात सापडले, पोतीही बरीचशी मिळाली. पत्रकार परिषद झाली. आमच्या 'अचूक व जलद तपासाबद्दल' प्रशस्तिपत्रं वाटली गेली, हवालदारांना आणि मला पुष्पगुच्छ मिळाले. मिस्त्रीचं नाव प्रेसनोटमध्ये घालावं असं मी सुचवलं होतं. तिथे 'एका तज्ज्ञाच्या मदतीने' असं छापून आलं. मी त्याला ते कात्रण दाखवायला गेलो तेव्हा तो एका टेम्पोखाली आडवा होऊन काम करत होता. त्याने तिथूनच विचारलं, "तज्ज्ञ म्हणजे कोण, थो पांढऱ्या शर्टवाला?"

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. त्याची बायको खाटेजवळ खाली बसली होती, मुलगी पायाशी झोपलेली. त्याला बोलायला त्रास होत होता, तरी तो सावकाश सांगत होता. पहाटे समोर पिकअप आडवी लावली. थांबावं लागलं. दार उघडायच्या आत त्याने मागे हात घालून बटण दाबलं. मग त्यांनी विचारलं, गाडी का बंद पडली. तो म्हणाला, बिघडली. ते मारत राहिले आणि तो बिघडली म्हणत राहिला.

"सांगून टाकायचं होतं स्विचचं," मी म्हणालो. "गाडी मालकाची, माल दुसऱ्याचा. जिवापेक्षा जास्त आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला अडाणी वाटला असावा.

"गाडी गेली असती साहेब, अन् मी वाचलो असतो. मंग मी सांगतलं असतं का चोर घेऊन गेले. तुमी मानलं असतं?"

मी जबाबाचा कागद उलटला.

"पयले मलेच धरलं असतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस कुठल्या दिशेने येतो हे सांगावं, तसं त्याने सांगितलं.

त्याच्यावर गुन्हा दाखल आहे हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, ती खाली मान घालून बसली होती. ते काम माझं होतं. मी सांगितलं, की मालकाच्या फिर्यादीवरून तुझ्यावर गुन्हा नोंदला गेला आहे, तो खोटा ठरला असा अहवाल मी न्यायालयाला पाठवतोय, तू काळजी करू नको.

"कधी लिहिला?"

"काल. दुपारी बारा वाजता. मालक आला, मेकॅनिकनं गाडी सुरू करून पाहिली, त्यानंतर."

तो काहीतरी आठवत होता. मग म्हणाला, "थो सेल्फ तुमी मारून राह्यले होते?"

"तुला ऐकू आला?"

"आला ना. लय वेळ मारला." त्याने डोळे मिटले. "मले वाटलं थे चोरच हायेत अजून. पाय मोकळे करून घेतले होते जरासे. पत्र्याले लाथ मारता आली असती. नाही मारली. म्हटलं, निंगून जाऊ दे यायले."

जबाबात हे वाक्य घ्यायची कायद्याने आवश्यकता नव्हती. मी घेतलं, त्याच्या शब्दांत, जसंच्या तसं, आणि खाली सही केली. त्यानंतरच्या नोकरीत माझ्यासमोर असे किती पंचनामे आले त्याची गणती नाही. 'नादुरुस्त', 'बेवारस', 'फरार', 'अज्ञात कारणावरून'. प्रत्येक वेळी मी कागद परत सरकवून विचारायचो, हे कोणी पाहिलं, काय करून पाहिलं, आणि त्या वेळी आपल्या आजूबाजूला कोण असू शकेल, जो आपला आवाज ऐकून गप्प बसलाय. नवे शिपाई मला चिकट म्हणायचे. ते मला चालायचं.